रमोन हे आडनाव कुणाचं?

पंक रॉकविषयी एक समज आता इतका रुळला आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. १९७० च्या दशकाच्या मध्यावर न्यूयॉर्क आणि लंडनमधल्या चिडलेल्या तरुणांनी गुळगुळीत पॉप संगीताविरुद्ध बंड केलं, ते बंड म्हणजे पंक. पुढे १९९४ च्या सुमारास कॅलिफोर्नियातल्या पोरांनी त्या कडू काढ्यात साखर घातली, मोठ्या रेकॉर्ड कंपन्यांनी तो बाटल्यांत भरून विकला आणि त्या भेसळीला ‘पॉप-पंक’ असं नाव पडलं. आधी अस्सल माल, मग त्याची नक्कल, असा हा इतिहास सांगितला जातो. मी हे संगीत ऐकू लागलो तेव्हा मलाही तो असाच सांगण्यात आला होता आणि कितीतरी वर्षं मी तो खरा मानून चाललो.

आज मला तो मुळापासून चुकीचा वाटतो. ज्या बँडला हे सगळे लोक पंकचं मूळपीठ मानतात, त्या रमोन्सच्या नावातच या समजाविरुद्धची साक्ष आहे.

पण पूर्वपक्ष आधी नीट मांडला पाहिजे. दुबळा पूर्वपक्ष उभा करून तो पाडण्यात काही अर्थ नसतो. समजाच्या बाजूने भक्कम गोष्टी आहेत. मार्च १९७७ मध्ये लंडनच्या द क्लॅश या बँडची पहिली रेकॉर्ड आली. तिच्या मागच्या बाजूला ‘१९७७’ नावाचं गाणं होतं आणि त्यात एल्विस, बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स या तिघांनाही नाव घेऊन निरोप दिला होता. पॉपच्या देव्हाऱ्यातले तीन मोठे देव एका दमात बाहेर काढले होते. दुसरी गोष्ट कॅलिफोर्नियाची. बर्कलीमधलं ९२४ गिलमन स्ट्रीट हे स्वयंसेवकांनी चालवलेलं ठिकाण होतं आणि मोठ्या कंपनीशी करार केलेल्या बँडला तिथे वाजवू देत नसत. ग्रीन डे या बँडने रिप्रीज कंपनीशी करार केला आणि जिथे ते वाढले त्याच जागेचे दरवाजे त्यांना बंद झाले. १ फेब्रुवारी १९९४ ला आलेला त्यांचा ‘डूकी’ हा अल्बम एकट्या अमेरिकेत एक कोटीहून अधिक खपला. ज्यांना फसवल्यासारखं वाटलं त्यांचं दुःख खरं होतं आणि मी ते नाकारत नाही. मात्र त्या दुःखातून त्यांनी जो इतिहास रचला, तो नाकारतो.

आता नावाकडे येऊ.

रमोन्स हा बँड १९७४ मध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या फॉरेस्ट हिल्स या वस्तीत जमला. जोई, जॉनी, डी डी आणि टॉमी असे चौघे, आणि चौघांचंही आडनाव रमोन. त्यामुळे आजही पुष्कळांना हे चार भाऊ होते असं वाटतं. प्रत्यक्षात जोई हा जेफ्री हायमन, जॉनी हा जॉन कमिंग्ज आणि डी डी हा डग्लस कॉल्विन. टॉमी हा बुडापेस्टमध्ये जन्मलेला तमाश एर्देई. त्याचे ज्यू आई-वडील नाझींच्या संहारातून वाचले होते आणि तो लहान असतानाच हे कुटुंब हंगेरीतून अमेरिकेत आलं. एकाचंही रक्ताचं नातं दुसऱ्याशी नव्हतं. कुणी या आडनावाचा संबंध फिल रमोन या प्रख्यात ध्वनिमुद्रण-निर्मात्याशी लावतात. पण तो नुसता नामसाम्याचा भाग आहे. नामसाम्य म्हणजे नातं मानायचं झालं, तर पंक रॉकचं मूळ संस्कृतातल्या ‘पंक’ म्हणजे चिखल या शब्दात शोधावं लागेल.

हे आडनाव पहिल्यांदा लावलं ते डी डीने, आणि ते त्याने उचललं पॉल मॅकार्टनीकडून.

ही हकिगत सविस्तर सांगितली पाहिजे, कारण सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मे १९६० मध्ये लिव्हरपूलची काही पोरं जॉनी जेंटल नावाच्या गायकाला साथ करायला स्कॉटलंडच्या दौऱ्यावर गेली. दौरा २० मे रोजी अलोआ या गावातून सुरू झाला. बँड तेव्हा ‘सिल्व्हर बीटल्स’ या नावाने ओळखला जात होता. जॉनी जेंटल हे खरं नाव नव्हतं. तो जॉन अस्क्यू. त्याचा व्यवस्थापक लॅरी पार्न्स याचा धंदाच असा होता की साध्या घरातली देखणी पोरं निवडायची आणि त्यांना चमकदार नावं द्यायची. बिली फ्युरी, मार्टी वाइल्ड, व्हिन्स ईगर ही सगळी त्याच्याच टाकसाळीतली नाणी. त्या वाऱ्याने लिव्हरपूलच्या पोरांनीही आपापली नावं बदलून घेतली. जॉर्ज हॅरिसन कार्ल पर्किन्सच्या भक्तीने कार्ल हॅरिसन झाला. चित्रकार असलेला स्टुअर्ट सटक्लिफ निकोला द स्ताल या चित्रकारावरून स्टुअर्ट द स्ताल झाला. आणि सतरा वर्षांचा पॉल मॅकार्टनी झाला पॉल रमोन. हे नाव त्याला परदेशी, सिनेमातल्या नायकासारखं वाटलं होतं. नाव त्याच्या मनात इतकं राहिलं की १९६९ मध्ये स्टीव्ह मिलर बँडच्या ‘माय डार्क अवर’ या गाण्यात ड्रम आणि बेस वाजवताना त्याने श्रेयनामावलीत पुन्हा पॉल रमोन असंच लिहवून घेतलं.

म्हणजे हे आडनाव जन्मलं ते पॉपच्या अगदी गाभ्यात, जिथे गायकाचं नावसुद्धा बाजारासाठी घडवलं जात होतं अशा जागी. तिथून ते जर्मनीत वाढलेल्या एका अमेरिकन सैनिकाच्या मुलाच्या, म्हणजे डी डीच्या, कानावर पडलं. त्याने शेवटी एक अक्षर वाढवून ते स्वतःला लावलं, मित्रांना दिलं आणि बँडला दिलं. पॉपविरुद्ध बंड करायला निघालेला माणूस आपल्या बंडाला मॅकार्टनीचं टोपणनाव का देईल? या एका प्रश्नाचं उत्तर प्रचलित इतिहासापाशी नाही.

इथे प्रतिपक्ष म्हणेल, नावावरून स्वभाव ठरत नाही. नाव गमतीने घेतलेलं असेल. आक्षेप योग्य आहे. व्युत्पत्ती हा पुराव्याचा पहिला धागा असतो, अख्खं वस्त्र नसतं. एखाद्या शब्दाचं मूळ दाखवून त्याचा आजचा अर्थ सिद्ध होत नाही, हे भाषेच्या अभ्यासकाला कुणी सांगायला नको. म्हणून नाव बाजूला ठेवतो आणि त्यांची पहिली रेकॉर्ड हातात घेतो.

‘रमोन्स’ हा पहिला अल्बम २३ एप्रिल १९७६ ला सायर कंपनीने काढला. फेब्रुवारीत आठवडाभरात, सुमारे ६,४०० डॉलर खर्चून, रेडिओ सिटी म्युझिक हॉलच्या इमारतीतल्या प्लाझा साउंड स्टुडिओत तो ध्वनिमुद्रित झाला. चौदा गाणी, मिळून २९ मिनिटं. इतकी छोटी गाणी हे बंडाचं लक्षण म्हणून सांगितलं जातं. पण दोन-अडीच मिनिटांचं गाणं ही १९६० च्या दशकारंभी पॉपची सर्रास रीत होती. गाणं लांबलं ते पुढे, सत्तरच्या दशकातल्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या रॉक रचनांत. रमोन्सचं बंड होतं ते या लांबणीविरुद्ध, एकट्याने वाजवत सुटणाऱ्या गिटारवाल्यांविरुद्ध. पॉपला त्यांनी हात लावला नाही. उलट हरवत चाललेलं पॉप गाणं शोधून परत आणलं. त्यांच्या बंडाची दिशा ओळखण्यात चूक झाली आणि पुढचा सगळा गोंधळ त्या चुकीतून निघाला.

त्या अल्बममध्ये ‘लेट्स डान्स’ हे क्रिस माँटेझचं १९६२ चं नाचाचं गाणं आहे, थट्टा न करता मनापासून गायलेलं. टॉमीने लिहिलेलं, आर्जवाने भरलेलं एक प्रेमगीत आहे आणि तेच नंतर वेगळी रेकॉर्ड म्हणून बाहेर काढलं गेलं. ‘ब्लिट्झक्रिग बॉप’मधली ती आरोळी तर आज जगभरच्या मैदानांत घुमते. ती सुचली बे सिटी रोलर्सच्या ‘सॅटर्डे नाइट’ या गाण्यावरून. हे रमोन्सनी स्वतः सांगितलं आहे. बे सिटी रोलर्स म्हणजे स्कॉटलंडमधली, किशोरवयीन मुली ज्यांच्यासाठी वेड्या होत अशी टोळी. ‘खऱ्या’ रॉकचे रसिक त्यांचं नाव ऐकून नाक मुरडत. पंकची सगळ्यात प्रसिद्ध आरोळी पॉपच्या सगळ्यात तुच्छ मानलेल्या कोपऱ्यातून आली. ‘रॉकेट टू रशिया’मध्ये बॉबी फ्रीमनचं १९५८ चं गाणं आहे, ट्रॅशमेन या बँडचं १९६३ चं समुद्रलाटांवरच्या मौजेच्या शैलीतलं गाणं आहे. जॉनीच्या हातातली मोसराइट गिटारसुद्धा व्हेंचर्स या वाद्यवृंदाने लोकप्रिय केलेली. तो ज्या वेगाने फक्त खाली फटके मारत ती वाजवायचा तो त्याचा स्वतःचा शोध आहे, आणि तो मोठा शोध आहे. त्याच्या हातात गाण्याचं कातडं बदललं, सांगाडा मात्र तोच राहिला.

शिवाय ध्वनीची रचना पाहा. निर्माता क्रेग लिऑनच्या त्या अल्बमच्या स्टिरिओ मिश्रणात बेस डावीकडे, गिटार उजवीकडे, आणि ड्रम व आवाज मध्ये. सुरुवातीच्या स्टिरिओ रेकॉर्डची, त्यातही बीटल्सच्या, अशी दोन बाजूंना वाद्यं आणि आवाज वेगळे करण्याची तऱ्हा होती. १९७६ मध्ये ही पद्धत जुनाट झाली होती. बँडमध्ये येण्याआधी टॉमीने न्यूयॉर्कच्या रेकॉर्ड प्लांट स्टुडिओत ध्वनिमुद्रणाचं काम केलं होतं. अजाणतेपणी असं काही घडावं असा तो माणूस नव्हता.

आता लंडन. प्रतिपक्षाचा बालेकिल्ला तिथेच आहे, आणि तिथे एक अशी गोष्ट घडली जी मला या साऱ्या वादाची किल्ली वाटते. फेब्रुवारी १९७७ मध्ये सेक्स पिस्टल्समधून बेसवादक ग्लेन मॅटलॉक बाहेर पडला. व्यवस्थापक माल्कम मॅक्लारेनने ‘एनएमई’ साप्ताहिकाला तार करून कारण कळवलं की मॅटलॉक पॉल मॅकार्टनीचं फार गुणगान करत बसायचा. मॅटलॉकने हे कारण पुढे कधी मान्य केलं नाही. आपण स्वतः सोडलं असं तो सांगत आला. ते काहीही असो, त्या बँडच्या एकमेव खऱ्या अल्बममधल्या बारापैकी दहा गाण्यांच्या रचनेत मॅटलॉकचं नाव आहे. ज्यांच्या चालींवर ब्रिटिश पंक उभं आहे, त्या चाली मॅकार्टनीच्या भक्ताच्या हातच्या आहेत. आणि त्याच्या जागी कोण आला? सिड व्हिशस, रमोन्सचा भक्त, ज्याने त्यांच्याच रेकॉर्डसोबत बेसवर हात बसवला. मॅकार्टनीचं नाव घेतो म्हणून एकाला काढायचं आणि मॅकार्टनीचं नाव लावणाऱ्यांच्या शिष्याला आणायचं, हे त्या घटनेचं सार आहे. ‘पंक म्हणजे पॉपचा शत्रू’ हा सिद्धांत बराचसा अशा तारांतून आणि जाहिरातींतून घडला. मॅक्लारेन हा दुकानदार होता आणि त्याला शत्रूची गरज होती. इतिहासकाराने त्याच्या तारेला शिलालेखाचा मान देऊ नये.

मँचेस्टरचा बझकॉक्स बँड हा दुसरा साक्षीदार. त्यांचं नाव एका साप्ताहिकात छापलेल्या ‘रॉक फॉलीज’ या दूरचित्रवाणी मालिकेच्या परीक्षणातून आलं, म्हणजे तेही मनोरंजनाच्या बाजारातलंच. जानेवारी १९७७ मध्ये उसनवारी करून त्यांनी ‘स्पायरल स्क्रॅच’ ही रेकॉर्ड स्वतः काढली आणि त्यातून स्वतंत्र रेकॉर्ड काढण्याची ब्रिटनमधली वाट रुंद झाली. इतकं स्वाभिमानी पंक दुसरं नव्हतं. तरीही पुढच्याच वर्षी पीट शेलीने प्रेमभंगावर असं गाणं लिहिलं जे ब्रिटनच्या यादीत बाराव्या क्रमांकावर गेलं. ‘पॉप-पंक’ हा शब्दही १९९० च्या दशकातला नाही. १९७७ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने टॉम पेटीच्या कार्यक्रमाच्या परीक्षणाच्या मथळ्यात तो वापरला होता. म्हणजे ‘डूकी’ येण्याआधी सतरा वर्षं शब्द होता, आणि शब्दाच्या आधी वस्तू होती.

शेवटचा आक्षेप उरतो. रमोन्स पॉप असते तर खपले नसते का? पहिला अल्बम अमेरिकेच्या यादीत १११ व्या क्रमांकापलीकडे गेला नाही, हे खरंच आहे. पण इथे दोन वेगळ्या गोष्टी एक मानल्या जातात. पॉप हा गाण्याचा घाट आहे: ओठांवर बसणारी चाल, लवकर येणारं ध्रुवपद, थोडक्यात आटोपणं. खप हा बाजाराचा निकाल आहे. न चाललेला लावणीपट लावणीपटच राहतो. आणि रमोन्सना खप हवा होता. १९८० च्या ‘एंड ऑफ द सेंच्युरी’साठी ते फिल स्पेक्टरकडे गेले, ज्याने १९६३ मध्ये रोनेट्सची गाणी घडवली होती, आणि त्यातलंच ‘बेबी, आय लव्ह यू’ त्यांनी गायलं. जॉनीला ते मुळीच रुचलं नव्हतं, हे प्रतिपक्षाच्या पारड्यात टाकायला माझी हरकत नाही. बँडमधला एकटा जोईच त्या गाण्यात आहे. तरी अमेरिकेत त्यांचा सर्वांत वर गेलेला अल्बम तोच, ४४ व्या क्रमांकावर.

जोईविषयी थोडं अधिक लिहिल्यावाचून मला पुढे जाववत नाही. उंच, सडपातळ, केसांत चेहरा लपवलेला हा माणूस आधी बँडचा ड्रमवादक होता. मार्च १९७४ मधल्या पहिल्या कार्यक्रमात गात होता डी डी. टॉमीने त्याला पुढे आणून उभं केलं. त्याच्या आवाजात जो हुंदका आहे, शब्दाच्या शेवटी सूर किंचित मोडण्याची जी लकब आहे, ती रोनेट्स आणि शँग्री-लाज यांसारख्या मुलींच्या गायनवृंदांची आहे. हे त्याने आयुष्यभर लपवलं नाही. १९९९ मध्ये रोनेट्सच्या रॉनी स्पेक्टरची ‘शी टॉक्स टु रेनबोज’ ही रेकॉर्ड निर्माण करण्यात तो होता. पुढे दोनच वर्षांनी, १५ एप्रिल २००१ ला, तो कर्करोगाने गेला. प्रचलित इतिहास मान्य केला तर जोईच्या आवाजाचं हे ऋण पुसून टाकावं लागतं. मला या समजाचा राग येतो तो इथे. पॉपला भेसळ म्हणताना बहुतेक वेळा मुली जे ऐकतात, कृष्णवर्णीय बायका जे गातात, त्यालाच हलकं ठरवलेलं असतं. मग पंक ही रागावलेल्या गोऱ्या पुरुषांची स्वयंभू निर्मिती होऊन बसते. रॉनी स्पेक्टरला तिच्या वारशातून हाकलण्याचा अधिकार कुणालाही नाही.

आडनावाचं पुढे काय झालं, तेही सांगायला हवं. टॉमीनंतर आलेला मार्क बेल मार्की रमोन झाला, मग रिची, मग सी. जे. १९८७ मध्ये दोनच कार्यक्रम वाजवलेला ब्लाँडी बँडचा क्लेम बर्क एल्विस रमोन झाला. जोई आणि जॉनी यांनी कितीतरी वर्षं एकमेकांशी बोलणं टाकलं होतं, तरी मंचावर दोघेही रमोन. ६ ऑगस्ट १९९६ रोजी हॉलिवूडमध्ये शेवटचा कार्यक्रम झाला तोवर २,२६३ कार्यक्रम त्यांनी या उसन्या आडनावाने केले होते.

आणि कॅलिफोर्नियातली ती पोरं? ग्रीन डेचं आधीचं नाव ‘स्वीट चिल्ड्रन’. ‘स्वीट बेबी’ नावाचा दुसरा बँड त्याच परिसरात असल्याने गोंधळ टाळायला १९८९ मध्ये त्यांनी ते बदललं. त्याच सुमाराला शिकागोच्या स्क्रीचिंग वीझल या बँडने रमोन्सचा पहिला अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत पुन्हा वाजवून ध्वनिमुद्रित केला. ते साल १९९२. कुठल्याही मोठ्या कंपनीला या संगीताचा वास लागण्याआधीची ही गोष्ट आहे. २००२ मध्ये रमोन्सना रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, त्या रात्री त्यांची गाणी वाजवली ग्रीन डेने. यात नवी भेसळ कुणी केली नाही. घरातली वस्तू घरातच एका पिढीकडून दुसरीकडे गेली. मोठ्या कंपन्यांनी १९९४ नंतर तिची किंमत लावली, इतकंच.

रमोन्सचा गोल शिक्का छापलेला काळा टी-शर्ट आपल्याकडेही पोरं घालतात. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या मुद्रेवरून तो आर्तुरो व्हेगाने रचला. अनेकांनी तो शिक्काच पाहिला आहे, गाणं ऐकलेलं नाही. माझं म्हणणं माझ्या शब्दावर मान्य करू नका. पहिल्या अल्बमची मूळ स्टिरिओ आवृत्ती मिळवा, कानात इयरफोन घाला आणि त्यातलं कुठलंही गाणं लावा. मग उजव्या कानातला इयरफोन काढून टाका. ती करवतीसारखी गिटार निघून जाईल. डाव्या कानात बेस, ठेका आणि जोईचा आवाज राहील. ते उरलेलं गाणं ऐका आणि ते कोणत्या घराण्याचं आहे ते तुम्हीच ठरवा.